आधी पट्टा, मग रुंदी

स्पोर्ट्स कारला नवे टायर घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न रुंदीचा निघतो. गाडीला 205 असतील तर 225 बसतील का, आणि 225 बसत असतील तर 245 का नकोत? आपल्याकडच्या टायरच्या दुकानांत या व्यवहाराला ‘अपसाईज’ म्हणतात आणि तो बहुतेक वेळा रिमच्या चकाकीवर आणि टायरच्या रुंदीवर ठरतो. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, जास्त पकड म्हणजे जास्त वेगवान गाडी, ही समजूत इतकी रुळली आहे की ती कधीतरी सुरू झाली असेल, असेही कुणाच्या मनात येत नाही. पण तिला वय आहे, आणि ते फार नाही. 1960 च्या दशकात विक्रीला आलेली पहिली पोर्शे 911 ही 165 मिलिमीटर रुंदीच्या टायरवर आणि साडेचार इंच रुंद रिमवर धावत होती. आज तीच रुंदी आपल्याकडे स्विफ्टच्या सर्वांत खालच्या मॉडेलला मिळते. मग मधल्या काळात असे काय घडले की त्याच 911 च्या मागच्या चाकाला आधी 215, मग 225 आणि पुढे 300 च्या पलीकडचे टायर लागू लागले? एंजिनाची ताकद वाढली म्हणून, हे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. ताकद त्यापूर्वीही वाढत होती. टायर मात्र रुंद होऊ शकत नव्हता, कारण रुंद टायरला सपाट धरून ठेवणारी बांधणीच कुणाजवळ नव्हती. वेगवान गाडीच्या टायरचा इतिहास रुंदी वाढत गेल्याचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो नक्षीखाली दडलेल्या, कुणालाही न दिसणाऱ्या पट्ट्याचा इतिहास आहे. रुंदी त्या पट्ट्याच्या मागून आली, आणि काही वेळा तर नुसतीच मागून आली, काही न देता.

हवा भरलेला टायर रॉबर्ट टॉमसनने 1840 च्या दशकात कागदावर आणला आणि 1888 मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलपने तो सायकलवर रुजवला, हे आपण शाळेपासून वाचतो. मोटारीच्या शर्यतीत तो प्रथम उतरवला मिशेलिन बंधूंनी, 1895 च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत. वाटेत पंक्चर किती झाली याला सुमार राहिला नाही, तरी गाडी परत आली आणि मुद्दा सिद्ध झाला. त्या काळी आकार लिहिण्याची पद्धत अगदी सरळ होती. एकूण व्यास आणि रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 710 गुणिले 90 म्हणजे 710 उंच आणि 90 रुंद. 1924 ची बुगाटी टाइप 35, जिला आजही अनेक जण शर्यतीची सर्वांत देखणी गाडी मानतात, ती याच आकाराच्या टायरवर होती. नव्वद मिलिमीटर म्हणजे आजच्या कित्येक मोटारसायकलींच्या मागच्या टायरहूनही कमी. त्याच वर्षी लिऑं इथल्या फ्रेंच ग्रांप्रीत या गाडीने पदार्पण केले, आणि पाचही गाड्यांना टायरांनी दगा दिला. रबर नीट पक्के न झाल्याने नक्षीचा थर निघून येऊ लागला होता. गाडी उत्तम, चालक उत्तम, आणि निकाल ठरवला रबराच्या भट्टीने. ‘टायर अरुंद होते म्हणून हरलो’ असे तेव्हा कुणी म्हटले नसते. टायर अंगावरची कातडी सांभाळून अखेरपर्यंत टिकला तरी पुष्कळ, एवढीच अपेक्षा होती. गंमत म्हणजे याच सुमारास जाड टायर बाजारात आले होते. फायरस्टोनने 1923 मध्ये ‘बलून’ टायर आणले. ते फुगीर होते, कमी हवेवर चालत आणि खड्ड्यांत अंग ठेचू देत नसत. म्हणजे रुंदीचा पहिला प्रवेश झाला तो आरामासाठी, कुटुंबाच्या गाडीतून. वेगवान गाड्यांनी ती तेव्हा मागितली नव्हती.

मागून उपयोगही नव्हता, आणि याचे कारण टायरच्या पोटात होते. जुन्या बांधणीत धाग्यांचे थर तिरके घातलेले असत, एक थर डावीकडून उजवीकडे, पुढचा उजवीकडून डावीकडे, एकावर एक. आपल्याकडे ट्रकवाले ज्याला अजून ‘नायलॉन टायर’ म्हणतात तो याच कुळातला. बाजू आणि नक्षीखालचा भाग दोन्हीकडे तेच थर. त्यामुळे बाजू दबली की नक्षीही चुरमडते, आणि तिरके थर एकमेकांवर घासून उष्णता निर्माण होते. शिवाय अशा पिशवीत हवा भरली की ती गोल व्हायला बघते. तिला रुंद आणि बुटकी करायला गेले तर मधला भाग फुगतो, वेग वाढला की आणखी फुगतो, आणि रुंदीपैकी रस्त्याला टेकते ती मधली पट्टीच. म्हणून त्या काळच्या टायरची उंची त्याच्या रुंदीच्या जवळपास असे. आकारात उंचीचे प्रमाण लिहायची गरजच नव्हती. ते गृहीत होते.

ही गाठ सोडवली क्लेरमाँ-फेराँच्या मिशेलिन कारखान्यात, आणि ती सोडवताना वेगवान गाडी कुणाच्या डोक्यात नव्हती. मारियुस मिन्योल हा तिथला संशोधक टायर तापतो कुठे याचा शोध घेत होता. त्याने एक विचित्र नमुना बनवला. बाजूचे थर काढून टाकले आणि त्यांच्या जागी दूरदूर अंतरावर धातूच्या तारा लावल्या. दिसायला तो माशा पकडायच्या पिंजऱ्यासारखा, म्हणून कारखान्यात त्याला तेच नाव पडले. त्यातून कळले की बाजूला एवढ्या थरांची गरजच नाही. धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे न्यायचे, आणि नक्षीखाली पोलादी तारांचा एक न ताणणारा पट्टा घालायचा. जून 1946 मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि 1949 मध्ये ‘एक्स’ या नावाने टायर विक्रीला आला. (आडव्या धाग्यांची कल्पना त्याआधी तीसेक वर्षे अमेरिकेत आर्थर सॅव्हेज नावाच्या गृहस्थाने मांडली होती. तो बंदुकांसाठी जास्त ओळखला जातो. कल्पना हातात असूनही तिच्याभोवती उद्योग उभा राहत नाही, असे पुष्कळदा होते.) लाकडी चाकावर लोहार तापवलेली धाव चढवतो, ती थंड झाली की आरे आणि कडेचे लाकूड आवळून धरते, आणि चाकाला घेर येतो. नक्षीखालच्या पट्ट्याचे काम त्याच जातीचे. बाजूने मऊ राहून खड्डे सोसावेत, घेराने कडक राहून रस्ता धरावा, ही दोन कामे प्रथमच वेगळी झाली. वेगवान गाडीच्या दृष्टीने पुढचे सारे या एका फारकतीतून निघाले.

पण ते लगेच निघाले नाही. 1950 ची लॅन्सिया ऑरेलिया ही कारखान्यातूनच या नव्या बांधणीचे, म्हणजे रेडियल, टायर घेऊन बाहेर पडलेली पहिली गाडी मानली जाते. तिचे टायर 165 रुंदीचे. पट्टा आला, रुंदी तीच राहिली, आणि तरीही ऑरेलियाची कूपे वळणांवर तिच्याहून ताकदवान गाड्यांना भारी पडत होती. पिरेलीत लुइजी इमानुएलीने पोलादाऐवजी रेयॉनच्या धाग्यांचा पट्टा घातला आणि ‘चिंतुरातो’ तयार झाला. फेरारी, मासेराती आणि नंतर लॅम्बोर्गिनी यांची एक पिढी याच टायरवर वाढली. हा सगळा उद्योग उत्तर इटलीतला. आपल्या ‘सिएट’चे मूळही तिथलेच. 1924 मध्ये तोरिनोत केबल बनवण्यासाठी निघालेली ती कंपनी, आणि तिच्या नावातला शेवटचा ‘टी’ हा तोरिनोचाच. इंग्रजांकडे मात्र जुनी बांधणी बराच काळ टिकली. 1961 ची जॅग्वार ई-टाइप तिरक्या थरांच्या डनलपवर विकली जात होती, आणि तिचा ताशी दीडशे मैलांचा गाजलेला वेग ज्या चाचणीत नोंदला गेला तीत शर्यतीचे टायर लावलेले होते. गाडी तोवर टायरच्या पुढे गेली होती, हे याहून स्पष्ट कसे दिसणार? ई-टाइपलाही पुढे 185 रुंदीचे रेडियल मिळाले, आणि टायरच्या बाजूवर वेगाची अक्षरे महत्त्वाची ठरू लागली. ‘एस’ म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंत, ‘एच’ म्हणजे 210, आणि ‘व्ही’ त्या काळी 210 च्या वर, कुठवर ते न सांगता. ही अक्षरे रुंदीबद्दल काहीच बोलत नाहीत. पट्टा किती वेगापर्यंत आपल्या जागी राहील, एवढेच ती सांगतात.

चालकांची रेडियलबद्दल एक तक्रार होती, आणि ती खरी होती. तिरक्या थरांचा टायर सुटायच्या आधी बरीच सूचना देतो. गाडी हळूहळू सरकू लागते, आणि स्टिअरिंग उलटे फिरवून तिला सावरायला वेळ मिळतो. रेडियल जास्त वेळ धरतो आणि मग सोडतो तेव्हा एकदम सोडतो. जुन्या पद्धतीने शिकलेल्या चालकाला हा विश्वासघात वाटणे साहजिक होते. यावर उपाय टायर बदलण्यात नव्हता, गाडी बदलण्यात होता. सस्पेन्शनची भूमिती, रबरी बुश, स्प्रिंगा हे सगळे नव्या टायरला धरून आखावे लागले. पुढे रेडियल आणि मागे तिरक्या थरांचा अशी जोडी लावण्यावर ब्रिटनमध्ये कायद्यानेच बंदी आली, कारण मागची चाके आधी सुटत. टायर ही गाडीला वरून चढवायची वस्तू नसून तिच्या आराखड्याचा भाग आहे, हे लोकांना शिकावे लागले. आजच्या अपसाईजच्या व्यवहारात विसरले जाते ते हेच.

रुंदी पट्ट्याशिवाय आली तर काय होते, याचा धडा अमेरिकेने दिला. 1967 च्या सुमारास तिथल्या ताकदवान गाड्यांना फायरस्टोनचे ‘वाइड ओव्हल’ लावले जाऊ लागले. उंची रुंदीच्या 70 टक्के, बाजूवर ठसठशीत पांढरी किंवा तांबडी रेघ, दिसायला दणकट. आत मात्र तेच तिरके थर, आणि नंतर त्यांच्यावर काचेच्या धाग्यांचा पट्टा घालून केलेली तडजोड. सरळ रस्त्यावर, ट्रॅफिक लाइटपासून ट्रॅफिक लाइटपर्यंत, ते कामाचे होते. वळणावर मात्र युरोपातले अरुंद रेडियल त्यांना मागे टाकत. अमेरिकी कारखान्यांनी रेडियल टाळला तो अज्ञानाने नव्हे. त्यांच्या मऊ गाद्यांसारख्या सस्पेन्शनला तो मानवत नव्हता, आणि नवी यंत्रे घालायची म्हणजे जुनी भंगारात काढायची. रुंदी दाखवणे स्वस्त होते. बांधणी बदलणे महाग होते.

आता 911 कडे परत येऊ, कारण हा सगळा वाद आकड्यांत पाहायचा तर तिच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. एंजिन मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे वजनाचा मोठा वाटा मागे. 1973 च्या कॅरेरा आरएस 2.7 मध्ये पोर्शेने विक्रीच्या गाडीला प्रथमच पुढे-मागे वेगळ्या रुंदीचे टायर दिले. पुढे 185/70 व्हीआर 15, मागे 215/60 व्हीआर 15. हे दोन आकडे नीट गुणून पाहण्यासारखे आहेत. 185 चे 70 टक्के म्हणजे 129.5 मिलिमीटर. 215 चे 60 टक्के म्हणजे 129. दोन्ही टायरांच्या बाजूची उंची एकच, म्हणून चाकांचा व्यासही एकच, 640 मिलिमीटरच्या आसपास. मागे तीस मिलिमीटर रुंदी वाढवताना पोर्शेच्या लोकांनी व्यास एका मिलिमीटरनेही फारसा हलू दिला नाही, कारण गिअरचे प्रमाण, स्पीडोमीटर आणि गाडीची जमिनीपासूनची उंची हे सारे त्या व्यासावर टांगलेले आहे. रुंदी वाढली ती वजन वाटून घेण्यासाठी, आणि नेमकी जिथे वजन होते तिथेच. पुढे तेवढीच रुंदी दिली असती तर उलट पुढची पकड वरचढ होऊन शेपूट आणखी मोकळी झाली असती. अपसाईज करताना चारही चाकांना सारखे रुंद टायर लावणाऱ्याने हा हिशेब एकदा वाचावा.

यापुढची उडी मारली पिरेलीच्या पी7 या टायरने, 1970 च्या दशकाच्या मध्यात. त्याचा जन्म रॅलीत झाला. लॅन्सिया स्ट्राटोस ही लहान, आखूड, मध्यभागी फेरारीचे एंजिन असलेली गाडी, जिने 1974 ते 1976 अशी सलग तीन वर्षे जागतिक रॅली अजिंक्यपद मिळवले. तिच्या ताकदीला डांबरी रस्त्यावर पुरेल असा रेडियल हवा होता, म्हणजे रुंद आणि बुटका. अडचण ही की रेडियल रुंद केला की वेगात त्याच्या पोलादी पट्ट्याच्या कडा उचलू लागतात. चाक फिरताना निर्माण होणारा जोर त्यांना बाहेर ओढतो आणि कड सुटली की टायर संपला. पी7 मध्ये पोलादी पट्ट्यांवर नायलॉनचा आणखी एक थर गुंडाळला, चाकाच्या घेराला अगदी समांतर, शून्य अंशाने. नायलॉनचा एक स्वभाव असा की तो तापला की आक्रसतो. त्यामुळे टायर वेगाने तापू लागला की हा थर पट्टा सैल सोडण्याऐवजी आवळून धरतो. या एका थरामुळे रुंदीच्या निम्म्या उंचीचा रेडियल रस्त्यावरच्या गाडीला देणे शक्य झाले. नक्षी, रुंदी, जाहिरात हे सगळे दिसत होते. तो थर दिसत नव्हता, आणि करामत त्याची होती. लोकांनी मात्र जे दिसले तेच लक्षात ठेवले.

पोर्शेने 911 टर्बोला हे टायर दिले, पुढे 205/50 आणि मागे 225/50, दोन्ही 15 इंची रिमवर. पुन्हा गुणाकार केला तर मागच्या चाकाचा व्यास येतो सुमारे 606 मिलिमीटर, म्हणजे आधीच्या 215/60 पेक्षा पाच टक्के कमी. चाक लहान झाले की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी कमी अंतर कापते आणि बूडही जमिनीकडे सरकते. 1978 ची 3.3 लिटरची टर्बो 16 इंची रिमवर आली, पुढे 205/55 आणि मागे 225/50. 205 चे 55 टक्के 112.75, 225 चे 50 टक्के 112.5. बाजू पुन्हा एकसारख्या, आणि व्यास पुन्हा 631 च्या घरात. रिम मोठी होण्यामागे एक कारण हा हरवलेला व्यास भरून काढणे, आणि दुसरे त्याच वर्षी आलेले, 917 या शर्यतीच्या गाडीच्या धर्तीचे मोठे ब्रेक आत मावणे. आज मोठी रिम ही श्रीमंतीची खूण झाली आहे. तिचा उगम मात्र अशा रुक्ष अंकगणितात आणि ब्रेकच्या तबकडीत आहे.

रुंदीला स्वतःचे आयुष्य फुटले ते लॅम्बोर्गिनी काउंटाशमुळे. 1974 ची एलपी400 पुढे 205/70 आणि मागे 215/70 अशा 14 इंची मिशेलिनवर होती. एवढ्या राक्षसी दिसणाऱ्या गाडीला हे टायर कोवळे वाटतात. कॅनडाचे उद्योगपती वॉल्टर वुल्फ यांनी आपल्या गाडीसाठी पी7 आणि त्याला साजेसे बदल करवून घेतले, आणि त्याच धर्तीवर 1978 मध्ये एलपी400 एस आली. मागचे टायर 345/35 व्हीआर 15. तोवर विक्रीच्या गाडीवर एवढा रुंद टायर कुणी पाहिला नव्हता. चाकांवर बाहेरून कमानी चढवल्या, मुलांच्या खोल्यांच्या भिंतींवर पोस्टरे लागली, आणि स्पोर्ट्स कारचे चित्र जगाच्या डोळ्यांत कायमचे ठरले. पण दोन गोष्टी त्या पोस्टरवर दिसत नाहीत. पुढच्या टायरची रुंदी 205 होती आणि 205 च राहिली. बदलली ती उंची आणि बांधणी. आणि नवी गाडी सरळ रस्त्यावर जुनीपेक्षा मंद होती. एंजिनाची ताकदही थोडी घटलेली होती हे खरे, पण रुंद टायर आणि त्यांच्या कमानी हवेला छाती देतात हेही तितकेच खरे. वळणांवर ती नक्कीच चांगली धरत असे, कारण टायरबरोबर सस्पेन्शनही नव्याने आखले होते. त्यातले श्रेय किती रुंदीचे, किती पट्ट्याचे आणि किती नव्या भूमितीचे, हे वेगळे काढणे कठीण. पोस्टर पाहणाऱ्याने ते सगळे रुंदीच्या खाती जमा केले.

यावर जाणकार वाचक एक आक्षेप घेईल आणि तो मोलाचा आहे. शर्यतीच्या गाड्यांचे टायर तर पट्ट्याच्या आधीच रुंद झाले होते. फॉर्म्युला वनमध्ये 1960 च्या दशकाच्या सुरुवातीची गाडी आणि 1970 ची गाडी शेजारी ठेवली तर मागचे टायर ओळखू येणार नाहीत इतके रुंदावले होते. 1971 मध्ये नक्षी नसलेले गुळगुळीत टायर आले. आणि हे सगळे तिरक्या थरांचे होते. फॉर्म्युला वनमधला पहिला रेडियल 1977 मध्ये सिल्व्हरस्टोनला रेनोच्या गाडीबरोबर मिशेलिनने आणला. म्हणजे रुंदी आधी, पट्टा मागून, असा उलटा पुरावा? मला तो वाटत नाही. शर्यतीचा टायर तासा-दोन तासांचा पाहुणा असतो. त्याचे रबर इतके मऊ असते की रस्त्यावर ते काही दिवसांत संपेल. ट्रॅक झाडून काढलेला असतो. 1968 पासून गाड्यांवर पंख आले आणि हवेचा दाब चाकांना खाली रेटू लागला, तो भार पेलायला रुंदी लागलीच. या अटींतले काहीही नंबर प्लेट लावलेल्या गाडीला मिळत नाही. आणि त्या बंदिस्त जगातसुद्धा पट्टा आल्यावर काय झाले? 1978 च्या सुरुवातीला ब्राझीलमध्ये कार्लोस रॉयटमनने फेरारीतून रेडियलला पहिला विजय मिळवून दिला, 1979 मध्ये जोडी शेक्टरने त्यावर अजिंक्यपद घेतले, आणि 1980 च्या दशकात बाकीच्या कंपन्याही रेडियलकडे वळल्या. रुंदी आधी असूनही पट्ट्याविना ती पुरली नाही.

दुसरा आक्षेप भौतिकशास्त्राचा. शाळेतले घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते, मग रुंदीने काहीच फरक पडू नये. तरीही पडतो, हे सगळे जाणतात. पडतो, कारण रबर शाळेतल्या नियमाने वागत नाही. त्याच्यावरचा दाब वाढला की पकड वाढते, पण दाबाच्या प्रमाणात नाही, थोडी कमीच. वळणावर बाहेरच्या चाकावर भार जातो तेव्हा हीच कमी जाणवते. भार जास्त रबरावर पसरला तर फायदा होतो, उष्णताही जास्त रबरात वाटली जाते, म्हणून मऊ मिश्रण वापरता येते. हा फायदा मी नाकारत नाही. पण तो किती, हे पाहताना एक साधा भागाकार करावा. एका चाकावर 400 किलो भार आणि हवा दर चौरस सेंटिमीटरला 2.2 किलो असेल, तर टेकलेला भाग साधारण 180 चौरस सेंटिमीटर. टायर रुंद केला आणि हवा तीच ठेवली, तर हा आकडा फारसा बदलत नाही. बदलतो तो आकार. लांबट टेकण आडवे होते. आडवे टेकण वळण घेताना चटकन उत्तर देते, आणि त्याची किंमत पाण्यात वसूल होते, कारण समोरचे पाणी बाजूला सारायला टायरला कमी लांबी, म्हणजे कमी वेळ मिळतो. 1963 मध्ये नासाच्या हॉर्न आणि ड्रेहर यांनी पाण्यावर टायर तरंगण्याच्या वेगाचा ठोकताळा हवेच्या दाबावरून मांडला. 32 पौंड हवेला तो ताशी सुमारे 94 किलोमीटर येतो, तोही नक्षी झिजलेली आणि पाणी साचलेले असताना. पुढच्या अभ्यासांत टेकणाची लांबी-रुंदीही हिशेबात धरली गेली. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला कारची मर्यादा ताशी 100 आहे. जुलैत, अर्ध्या झिजलेल्या 245 वर, हे दोन आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते पाहावे.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आहे. कारखानेच रुंद टायर देतात, मग ग्राहकाने का वेगळा विचार करावा? कारखाने देतात तेव्हा ते फक्त आकार देत नाहीत. पोर्शेच्या मान्यतेच्या टायरवर ‘एन0’, ‘एन1’ अशी खूण असते, बीएमडब्ल्यूच्या टायरवर चांदणी, मर्सिडीजच्या टायरवर ‘एमओ’. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा, एकाच आकाराचा टायर या खुणेसह आणि खुणेविना वेगळा असतो. मिश्रण वेगळे, पट्ट्याची ताठरता वेगळी, बाजूची जाडी वेगळी. आकाराचे आकडे या फरकाबद्दल गप्प बसतात. 225/45 झेडआर 17 या लिखाणात रुंदी आहे, उंचीचे प्रमाण आहे, रिमचा व्यास आहे. रिम किती रुंद हवी हेही त्यात नाही, आणि या आकाराला सात ते साडेआठ इंचांपर्यंत कोणतीही चालते. सात इंची रिमवर तोच टायर मधे फुगून वळणावर डुलतो, साडेआठवर ताणून बसतो आणि खड्ड्यात रिमची कड उघडी टाकतो. मिशेलिनने 1975 मध्ये टीआरएक्स आणून ही सगळी पद्धत मोडायचा प्रयत्न केला. 390, 415 अशा मिलिमीटरमधल्या रिमा, ज्यांवर दुसऱ्या कुणाचा टायर बसूच नये आणि टायर-रिम एकच वस्तू म्हणून आखली जावी. कल्पना शहाणपणाची होती. पण ग्राहक एकाच दुकानाला बांधला गेला आणि ती मागे पडली. इंचातली रिम टिकली ती सोयीमुळे, गुणांमुळे नव्हे. पुढे 2005 च्या बुगाटी वेरॉनवर मिशेलिनचे पॅक्स टायर आले तेव्हा आकार लिहिला होता 365-710 आर 540. यातला मधला आकडा एकूण व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. तोही 710. टाइप 35 चा चाहता हसला असेल.

मग निवडायचे कसे? माझा कल असा की लिखाण उलट्या बाजूने वाचावे. आधी वेगाचे अक्षर आणि भाराचा आकडा, कारण पट्टा काय सोसेल ते तिथे आहे. मग कारखान्याची खूण. मग रिमची रुंदी. मग पुढच्या-मागच्या बाजूंची उंची गुणून व्यास जुळतो का ते. रुंदी सर्वांत शेवटी, आणि तीही मूळ आकाराच्या एखाद्या पायरीतच. टोयोटाने 2012 च्या जीटी86 ला, दोनशे अश्वशक्तीच्या मागच्या चाकांनी चालणाऱ्या स्पोर्ट्स कारला, मुद्दाम 215/45 आर 17 आकाराचे आणि प्रियससाठीही दिले जाणारे टायर लावले, म्हणजे गाडी कायदेशीर वेगात वळणावर खेळवता यावी. मालकांपैकी अनेकांनी पहिल्या महिन्यात ते काढून रुंद लावले. खुद्द शर्यतीतही रुंदी नेहमी वाढतच जात नाही. फॉर्म्युला वनने 2017 मध्ये टायर एकदम रुंद केले, पुढचे 305 आणि मागचे 405 मिलिमीटर. 2022 मध्ये रिम 13 वरून 18 इंचांवर नेली आणि बाजू बुटक्या केल्या. 2026 च्या नियमांत पुढचे 280 आणि मागचे 375 झाले, गाडीचे वजन आणि हवेचा अडथळा कमी करण्यासाठी.